नकाशाची रिकामी बाजू

नीलाताई,

परवा तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली. तू असतीस तर मधूनच उठून गेली असतीस. मी बसून राहिले, आणि वर केकही खाल्ला. इथल्या डच रीतीप्रमाणे माणूस गेलं की कॉफी आणि केकची एकेक चकती मिळते, ती बशीत घेऊन सगळे हळू आवाजात बोलत उभे राहतात. केक चांगला होता, याचासुद्धा मला राग आला.

तुमचे रेक्टर, म्हणजे मुख्याध्यापक, बोलायला उभे राहिले. निळा सूट, भरून आलेला आवाज. म्हणाले, "नीलाने आम्हाला प्रत्येक मूल बघायला शिकवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या मागे पडद्यावर तुझे फोटो सरकत होते: सहलीतली तू, फळ्यापुढची तू, सायकलला पिशव्या अडकवलेली तू. आणि शेवटी शाळेच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान आलं. त्यावर माझी लेक, इरा. आठ मुलांच्या बरोब्बर मध्ये, दात दाखवत हसणारी. खाली लिहिलेलं, "प्रत्येकासाठी खुली शाळा."

तुझ्या शोकसभेत, नीलाताई! ज्या फोटोवरून आपण दोघी भांडलो, आणि जे भांडण मिटायच्या आत तू निघून गेलीस, तोच फोटो त्या माणसाने तुझ्या श्रद्धांजलीला लावला. मुद्दाम नाही लावला. त्याला ठाऊकच नव्हतं, आणि माझा खरा संताप त्यावरच आहे. तीस वर्षं त्याच्या शाळेत गणित शिकवणारी बाई कशासाठी भांडत होती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. हे सगळं कुणापाशी बोलावं कळेना, म्हणून तुलाच लिहिते आहे. तू वाचणार नाहीस, मला ठाऊक आहे. असतीस तरी म्हणाली असतीस, "मृणाल, पत्रं कसली लिहितेस, काम कर."

आपली ओळख झाली ती हेगजवळच्या रायस्वाइकला, देशपांड्यांकडच्या हळदीकुंकवाला. तिथल्या बायकांमध्ये मी नवी, तू सगळ्यांत जुनी. पहिल्याच भेटीत बजावलंस, "ताई म्हणायचं असेल तर तू म्हण. तुम्ही म्हणायचं असेल तर मॅडम म्हण आणि लांब बस." सोलापूरची जीभ, पस्तीस वर्षं इथल्या थंडीत राहूनही गार झाली नव्हती. मी तिळगूळ देता देता सहज बोलून गेले, "इराला शाळेने हावो सांगितलंय. चांगलं असतं ना ते?"

तुझ्या हातातला लाडू तसाच राहिला. "आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं."

"तिळगूळ घे आणि गोड बोलायचं नंतर बघू," तू म्हणालीस. "उद्या शाळेकडून तिची फाइल मागून घे. आईबापांचा हक्क आहे तो. मी संध्याकाळी येते."

तोवर मला इथली पद्धत कळलीच नव्हती. बाराव्या वर्षी मुलांच्या वाटा फुटतात. खालची शाखा हातकामाची, मधली हावो, आणि वरची विद्यापीठाकडे नेणारी. त्या वरच्या शाखेतही तुमच्यासारखी शाळा म्हणजे कळस, सरकारी जिम्नॅशियम, लॅटिन आणि ग्रीक शिकवणारं. आणि ही वाट आधी ठरवते ती प्राथमिक शाळेची बाई, जिला इथे सगळे जुफ म्हणतात. परीक्षा होते, पण ती नंतर. आपल्याकडे मार्क आधी आणि मत नंतर. इथे मत आधी.

दुसऱ्या दिवशी तू आमच्या जेवणाच्या टेबलावर फाइल उघडलीस. चष्मा कपाळावरून खाली घेतलास आणि डच वाक्यं एकेक करून मला मराठीत सांगू लागलीस. "आईच्या मते मुलगी आळशी आहे. घरी सांगितल्याशिवाय अभ्यासाला बसत नाही. आईला मुलीच्या क्षमतेबद्दल फारशी खात्री दिसत नाही." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलंस. "हे तू बोललीस?"

मी बोलले होते. दहा मिनिटांच्या पालकभेटीत, हसत हसत. "इरा जरा आळशीच आहे हो, तुम्हीच तिला कडक ठेवा," असं. माझी आई माझ्या बाईंना हेच सांगायची. तिची आई तिच्या मास्तरांना. शिक्षकांपुढे आपल्या पोराचं कौतुक करायचं नसतं, ते कमीपणाचं दिसतं, दृष्टही लागते. पोटात अभिमान मावत नसतो म्हणूनच तोंडाने आळशी म्हणायचं. आमच्या बाईंना हे बरोब्बर कळायचं. त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "नाही हो, हुशार आहे तुमची मुलगी," आणि आई तृप्त होऊन घरी यायची. मीही त्या वाक्याची वाट बघत होते. जुफने फक्त मान डोलावली आणि टाइप केलं.

"अगं, इथे आईने सांगितलं म्हणजे पुरावा," तू कपाळावर हात मारलास. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे ना आपल्यात? मग शाळेच्या दारात पोचल्यावर ती उलटी कशी होते तुमची? आपलंच ते कार्टं!"

मी रडले. तू रडू दिलंस, चहा मात्र मलाच करायला लावलास. मग शाळेला लिहायच्या पत्राचा मजकूर सांगितलास, मी लिहिला. भेटीला माझ्या शेजारी बसलीस, आणि मी पुन्हा नम्र व्हायला लागले की टेबलाखालून पाय दाबलास. परीक्षेचा निकाल वरचा आला, जुफची शिफारस बदलली, आणि इरा तुझ्याच शाळेत आली. पुण्यात आईला जिम्नॅशियम म्हणजे तालीमच वाटली, ती आठवडाभर विचारत होती की मुलीला कुस्ती कशाला. मी आपल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलं, इराला जिम्नॅशियम मिळालं. आधी हावो मिळालं होतं हे एकालाही सांगितलं नाही. तुला ते कळलं होतं. तू गप्प बसलीस, आणि मी त्याला तुझा मोठेपणा समजले. आता वाटतं, मी आपणहून सांगेन याची तू वाट बघत होतीस.

तुझा नकाशा मी पहिल्यांदा बघितला तो त्याच वर्षी, तुझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. हेगचा मोठा नकाशा, त्यावर टाचण्या. दरवर्षी पहिल्या वर्गात आलेलं एकेक मूल म्हणजे एकेक टाचणी, जिथे त्याचं घर तिथे. मी विचारलं तेव्हा तू पोळी लाटायची थांबली नाहीस. "बघ ना," एवढंच म्हणालीस. बघायला काही लागतच नव्हतं. ह्या गावाची एक बाजू वाळूवर वसलेली आहे, समुद्राकडची, रुंद रस्त्यांची आणि मोठ्या खिडक्यांची. दुसरी बाजू जुन्या दलदलीच्या मऊ जमिनीवर. श्रीमंत वाळूवर, गरीब दलदलीवर, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. वाळूवर टाचण्यांना जागा नव्हती, एकीवर एक कलंडल्या होत्या. दलदलीच्या बाजूला नकाशाचा कागद स्वच्छ दिसत होता. तू स्वतः तिकडेच राहायचीस, तुझ्याच गल्लीवर एक टाचणी नव्हती.

आधी तो नकाशा शाळेत शिक्षकांच्या खोलीत होता. कॉफीच्या यंत्राशेजारी लावला होतास, म्हणजे कपात कॉफी पडेपर्यंत प्रत्येकाला बघावाच लागेल. रेक्टरांनी तो काढायला लावला. का, तर त्याने खोलीतलं वातावरण बिघडतं, सहकाऱ्यांना अवघडल्यासारखं होतं. इथे सगळं काही खेळीमेळीचं लागतं. अन्याय चालेल, पण खेळीमेळीचा.

आणि तेच रेक्टर दर उन्हाळ्यात शाळेच्या निकालाचं पत्रक काढायचे. गावात पहिला नंबर, अभिनंदन, फुलांचे गुच्छ. तू त्यावर म्हणायचीस, "आंबेमोहोर निवडून आणायचा आणि भाताला वास सुटला की पातेल्याला हार घालायचा!" हे तू डचमध्येही बोललीस म्हणे मीटिंगमध्ये. तिकडे आंबेमोहोर काय कळणार त्यांना. पण पातेलं कळलं असणार, कारण नंतर दोन वर्षं तुला पहिल्या वर्गाचं गणित दिलं नाही.

तुझ्यावरही राग आहे माझा, तो आत्ताच सांगून टाकते. तू माणसाला सुखाने हरखू द्यायची नाहीस. गेल्या वर्षी ते माहितीपत्रक आलं, पहिल्या पानावर माझी लेक! मी वेडी झाले होते आनंदाने. पुण्याच्या सगळ्या ग्रुपांवर फोटो पाठवून झाला आणि एक प्रत घेऊन मी थेट तुझ्याकडे आले. तू पानाकडे बघितलंस, मग नकाशाकडे बघितलंस.

"आता त्यांना नकाशाची गरजच नाही," म्हणालीस. "कुणी विचारलं तुमच्याकडे परक्या देशांतली मुलं का नाहीत, की दाखवतील हा फोटो. झाली खुली शाळा."

"म्हणजे माझी मुलगी परकी नाही का? तिची मेहनत नाही?"

"मेहनत आहे गं. पण तिचे आईबाप दोघं इंजिनिअर. पलीकडच्या गल्लीतली एलिफ तिच्याइतकीच हुशार आहे, तिची आई शिवणकाम करते. ती कुठल्या पानावर येणार? इरा ह्यांच्यासाठी ढाल झालीय, मृणाल."

मला झोंबलं. म्हणाले, "तुला माझ्या मुलीचं सुख बघवत नाही." हे मी तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून तुला म्हणाले. जी बाई माझ्या मुलीसाठी टेबलाखालून माझा पाय दाबत बसली होती, तिला. पोळ्यांचा डबा भरलास आणि माझ्या हातात दिलास. मी तो घेतला, एवढी निर्लज्ज.

पुढे एकदा इराला सहज विचारलं, फोटोत तू मध्ये कशी गं? ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "फोटोग्राफर सेड, यू, कम टू द मिडल. बिकॉज आय ॲम ब्राउन, आई. ऑब्व्हियसली." तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चौदा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला कळायला एवढा वेळ लागला, आणि कळल्यावरही तुला फोन करून सांगितलं नाही. सांगायचं राहिलंच.

एलिफच्या आईला, एमिनेला, मी ओळखत होते ती ब्लाउजांमुळे. तूच तिला पुढच्या हुकांचे ब्लाउज शिवायला शिकवलंस, नमुन्याला तुझा जुना ब्लाउज उसवून दिलास, आणि मग मंडळातल्या निम्म्या बायका त्या तुर्की बाईच्या दुकानात रांगेला. लग्न होऊन आलेली, डच कामापुरतं. एलिफ दुकानात मागच्या स्टुलावर बसून वाचत असायची. कधी काही विचारावं तर पुस्तकात बोट घालून उत्तर द्यायची, पान हरवू नये म्हणून.

ह्या जानेवारीत एलिफलाही हावो मिळालं. तू तिचीही फाइल मागवलीस आणि मला फोनवर वाचून दाखवलीस. एमिनेने जुफला सांगितलं होतं, "मांस तुमचं, हाडं आमची." त्यांच्याकडे मुलाला शाळेत घालताना आईबाप गुरुजींना हेच म्हणतात, म्हणजे मूल तुमच्या स्वाधीन केलं, घडवा. आपल्याकडे "मारा, झोडा, पण शिकवा" म्हणतात ना, तसंच. फाइलमध्ये लिहिलं होतं, "घरात शिस्त अत्यंत कडक असावी. मारहाणीची शक्यता नाकारता येत नाही. मुलीवर अभ्यासाचा ताण वाढेल अशी शाखा तिच्या हिताची नाही."

जी बाई मुलीला पुस्तकातून उठवायला नको म्हणून स्वतः दुकान झाडते, तिच्याबद्दल हे!

तू शाळेला पत्र लिहिलंस. उत्तर आलं, तुम्ही पालक नाही, शिवाय जिथे मुलं पुढे जातात त्या शाळेतल्या शिक्षिकेने ह्यात पडणं योग्य नाही. मग तू मला म्हणालीस, "परीक्षेत ती वरच येणार. तरीही ते शिफारस बदलायचे नाहीत, मुलीचं हित म्हणतील. तेव्हा भेट होईल. त्या भेटीला तू एमिनेबरोबर बस, मृणाल. माझं ते खोडतील. पण हीच चूक जिच्या बाबतीत झाली आणि सुधारली, ती आई समोर बसली तर कसं खोडणार?"

मी म्हणाले, मार्चमध्ये ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, सुट्टी मिळायची नाही.

खोटं होतं ते. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. इराचा बाबा समीर म्हणाला होता, घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, आपण कशाला लोकांच्या शाळांत नाक खुपसायचं. त्याच्यावर ढकलता येईल, पण तेही खरं नाही. खरं कारण हे की तिथे बसून मला सांगावं लागलं असतं की माझ्या मुलीलाही आधी हावो दिलं होतं, आणि ते माझ्याच तोंडामुळे. ही गोष्ट बाहेर पडली असती. एमिनेच्या दुकानातून मंडळात पोचायला किती वेळ लागतो? चार ब्लाउज.

तू फोनवर म्हणालीस, "बरं. रिलीज महत्त्वाचं." ते तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. पाच दिवसांनी तुझ्या निखिलचा बेस्ट गावाहून फोन आला, आई सकाळी उठलीच नाही.

एलिफचा निकाल तुला बघायला मिळाला नाही. वरची शाखा, मार्क तर इराच्याही वर. आणि शाळेचं पत्र, तू सांगितलंस तसंच, जवळजवळ त्याच शब्दांत: निकाल उत्तम आहे, परंतु मुलीच्या हिताचा विचार करता शिफारस कायम ठेवत आहोत, चर्चेसाठी अवश्य या.

परवाच्या सभेतून मी बाहेर पडले तेव्हा माझ्या हातात अजून केकची बशी होती. ती तिथल्या खिडकीत ठेवली आणि घरी जाणाऱ्या ट्रामऐवजी उलट्या दिशेची ट्राम पकडली. एमिने दुकान बंद करत होती. मी म्हटलं, उद्या भेट आहे ना, मी येते. ती म्हणाली, "नीला म्हणाली होती, तू येशील." मी विचारलं, कधी म्हणाली? एमिने म्हणाली, रविवारी. म्हणजे मी नाही म्हटल्यानंतर दोन दिवसांनी. तू मला विचारलंसुद्धा नाहीस परत. आता ह्याबद्दल तुझ्याशी भांडायचं तरी कसं?

काल गेलो. छोटी खोली, छोट्या खुर्च्या. समोर जुफ आणि आणखी एक बाई. दोघी वाईट नव्हत्या, हे तुला सांगायलाच हवं. जुफ तर खरोखर काळजीत होती, मुलीला मारतात असं तिच्या मनाने घेतलं होतं. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. माझं डच तुला माहीत आहे, नागरिकत्वाच्या परीक्षेपुरतं. मी घरून वाक्यं लिहून नेली होती आणि तो कागद पर्समध्येच राहिला. मी सांगितलं, की मी माझ्या मुलीला आळशी म्हणाले होते. ती आळशी नव्हती. आमच्याकडे शिक्षकांचा मान म्हणून आई असं बोलते आणि शिक्षक ते खरं मानत नाहीत. इथे ते खरं मानलं गेलं. माझ्या मुलीला हावो दिलं गेलं. आज ती जिम्नॅशियमच्या तिसऱ्या वर्गात आहे, माहितीपत्रकावर तिचा फोटो आहे. मग मी त्या हाडा-मांसाच्या वाक्याचा अर्थ सांगितला. म्हटलं, ज्या वाक्यात ह्या बाईने तुमच्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला, त्या वाक्याची तुम्ही तिच्याविरुद्ध तक्रार करून ठेवलीत.

माझा आवाज चढला होता. इथे कुणी आवाज चढवत नाही. दुसरी बाई म्हणाली, आपण शांतपणे बोलू या. मी म्हटलं, जी शांतपणे बोलायची ती तीन आठवड्यांपूर्वी गेली, आता मी आहे.

(तू शांतपणे कधी बोलायचीस, ते सोड. शोकसभेत सगळेच खोटं बोलतात.)

जुफने फाइल परत वाचली. बराच वेळ वाचत होती, तिची मान लाल झाली होती. मग तिने एमिनेला सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, एलिफबद्दल?"

एमिनेने माझ्याकडे बघितलं. तू हे वाक्य तिच्याकडून घोकून घेतलं होतंस म्हणे, दुकानात, दर रविवारी. डचमध्ये चार शब्द आहेत. माझी मुलगी हुशार आहे. ते चार शब्द तिच्या तोंडून निघेनात. ओठ हलायचे आणि थांबायचे. मला ठाऊक होतं तिला काय होतंय. आपल्या लेकराला आपल्याच तोंडाने, सरकारी खोलीत, परक्यांपुढे हुशार म्हणायचं! मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

ती म्हणाली. म्हणाली आणि लगेच लाकडी टेबलावर बोटं वाजवून दृष्ट काढली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी इराबद्दल हे अजून कुठेच म्हटलेलं नाही. शाळेला पाठवलेल्या त्या पत्रात सुद्धा ते वाक्य तू सांगितलंस आणि मी फक्त लिहिलं. काल घरी गेल्यावर म्हटलं तिला. ती म्हणाली, "ओके... आर यू डाइंग?" मग आम्ही दोघी हसलो, आणि मला रडू आलं, आणि तिने मोबाइलकडे न बघता मला धरून ठेवलं.

आज दुपारी शाळेचा फोन आला. शिफारस बदलली. आता एलिफ तुझ्या शाळेत अर्ज करू शकते.

निखिल तुझं घर आवरतो आहे. त्याने विचारलं, आठवण म्हणून काय हवं? मी नकाशा मागितला, टाचण्यांच्या डबीसकट. संध्याकाळी तो गुंडाळून तसाच एमिनेच्या दुकानात नेला आणि कापायच्या टेबलावर पसरला. एलिफला सांगितलं, ही तुझी गल्ली, ही नीलाची. टाचणी मूल वर्गात जाऊन बसल्यावर लावायची, असा नीलाचा नियम आहे. तोवर तू सांभाळ. मी डबीतली एक लाल टाचणी काढून तिच्या तळहातावर ठेवली. माझी कल्पना होती ती आनंदून उडी मारेल. माझ्याही मनात कुठेतरी आलं होतं, झालं एकदाचं, फेडलं मी तुझं.

एलिफने नकाशाच्या रिकाम्या बाजूवरून हात फिरवला. तिच्या गल्लीवरून, तुझ्या गल्लीवरून, मागच्या बाजारावरून, तिच्या शाळेवरून. मग टाचणी असलेला तळहात पुन्हा पुढे केला.

"आणखी एक द्या. माझ्या वर्गातल्या नूरची. तिला माझ्याइतकेच मार्क आहेत, तिलाही हावो दिलंय. तिच्या आईला तर डच काहीच बोलता येत नाही."

मी टाचणी दिली.

"मग तिच्या आईबरोबर कोण जाणार?" एलिफने विचारलं. "नीला तर नाहीये."

नूरची भेट शुक्रवारी आहे. मी सुट्टी टाकली आहे.